काळजाचा रकाना

शर्मिला मगदूमला कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय काम करता हो?" तर ती सांगायची, "लोकांना फोन करून 'बरं आहे ना' विचारते, त्याचा पगार घेते." ऐकणारा हसायचा. पण काम खरंच तेवढंच होतं.

साल २०४३. मिरजेच्या हृदय-फुफ्फुस नोंद केंद्रात सातशे माणसांची नावं होती. कुणाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलेलं, कुणाच्या छातीत दुसऱ्याची फुफ्फुसं, आणि काही मोजक्यांच्या छातीत दोन्ही. ऑपरेशन झालं, टाळ्या वाजल्या, पेपरात फोटो आला, की जग त्यांना विसरून जायचं. केंद्र विसरत नसे. ऑपरेशनच्या वाढदिवशी दरवर्षी फोन जायचा आणि एकोणीस प्रश्न विचारले जायचे. जिने किती चढता? धाप कधी लागते? गोळ्या चुकल्या का? त्या उत्तरांवरून पुढच्या रुग्णांचं आयुष्य किती वाढवता येईल ते डॉक्टर ठरवत.

एकोणिसावा प्रश्न होता, "आणखी काही सांगायचंय?" इथं माणसं जी सुटायची, ती सुटायचीच. सुनेच्या तक्रारी, बोअरचं पाणी, गुडघे, सगळं. ती बडबड केंद्राचा संगणक ऐकायचा, त्याचं इंग्रजी करायचा आणि शरीराच्या ज्या अवयवाबद्दल असेल त्या अवयवाच्या रकान्यात टाकायचा. सगळे त्या संगणकाला 'मास्तर' म्हणत, कारण तो कुणाचंही ऐकायचा नाही आणि सगळ्यांच्या चुका काढायचा.

त्या सोमवारी शर्मिलानं जतच्या दशरथ खोतांना फोन लावला. खोतनाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, नऊ वर्षांपूर्वी हृदय बदललेलं. अठरा प्रश्न सुरळीत झाले. एकोणिसाव्याला नाना म्हणाले, "काय न्हाई ओ ताई. गेल्या मंगळवारी पोराच्या गाडीत बसून सांगलीला चाललोतो. चार वाजायच्या सुमाराला एकदम म्हस आडवी आली की! पोरानं कचकन ब्रेक मारला. काळजात धस्स झालं बघा."

"अगंबाई! लागलं नाही ना कुणाला?"

"छ्या. म्हस बी गेली, आमी बी गेलो. पर गंमत सांगू? लगीच झालं. म्हस दिसली आन् धस्स! पयल्यासारखं."

शर्मिलाचा हात जागच्या जागी थांबला.

"नाना, काय म्हणालात? लगेच?"

"लगीच म्हंजे लगीच. टायमावर."

आता ह्यात थांबण्यासारखं काय होतं, असं कुणालाही वाटेल. म्हैस आडवी आल्यावर काळजात धस्स होणार नाही तर काय होणार? आजवर किती जणांनी शर्मिलाला 'धस्स' सांगितलं असेल, तिनंही ते ऐकून सोडून दिलं होतं. आपण दिवसातनं चारदा म्हणतो तसं ते म्हणतात, एवढंच. पण 'लगेच' हा शब्द तिच्या घरात सात वर्षं कुणी उच्चारला नव्हता.

तिचा नवरा सन्मती. स्टेशन रोडला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारी आणायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. जन्मापासून हृदयाला छिद्र, ते वेळेत कळलं नाही, आणि त्या छिद्रापायी पुढं फुफ्फुसंही कामातनं गेली. सात वर्षांपूर्वी कुण्या अनोळखी घरानं आपल्या दुःखाच्या दिवशी 'हो' म्हटलं आणि सन्मतीला हृदय आणि दोन्ही फुफ्फुसं एकदम मिळाली. निळा पडलेला माणूस महिन्याभरात गुलाबी झाला. शर्मिलाला तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या पाया पडावंसं वाटायचं, न जाणो ह्यांच्यापैकीच कुणाचं घर असेल.

मग हळूहळू तिच्या एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस दचकत नाही. मुलगी, अन्वी, सात वर्षांची असताना गच्चीच्या शिडीवरून पडली, कपाळ फुटलं, रक्त. शर्मिलाची बोबडी वळली. सन्मतीनं शांतपणे पोरीला उचललं, रुमाल बांधला, दवाखान्यात नेलं. घरी येऊन चहाचा कप हातात घेतला आणि तेव्हा म्हणाला, "अगं, आत्ता छाती धडधडायला लागलीय बघ."

सगळं झाल्यावर! डॉक्टरांनी तिला कारण समजावलं होतं, पण सन्मतीनंच ते जास्त चांगलं सांगितलं. "हे बघ, हृदय म्हणजे मोटार. सर्जननं पाइपा सगळ्या जोडल्या, रक्ताच्या मोठ्या नळ्या, श्वासनळी. वायरी तेवढ्या राहिल्या. मज्जातंतू केसाहून बारीक असतात, ते शिवायला कुठली सुई आणणार? तरी मोटार चालते, कारण तिच्यात तिची स्वतःची ठिणगी असते. फक्त घरातल्या स्विचशी तिचा संबंध नाही. मेंदू घाबरला तरी तिला पत्ता नाही. मग रक्तातनं घाबरण्याचं रसायन येतं, ते पोचायला वेळ लागतो. तेव्हा कुठं मोटारीला कळतं की अरे, काहीतरी झालं वाटतं."

फुफ्फुसांचंही तेच. खोल आत कफ साठला तरी त्यांना खोकायचं कळत नसे, कारण वर निरोपच जात नसे. म्हणून सन्मती रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला घड्याळ लावून वीस वेळा खोकायचा. एखाद्या दिवशी राहिलं की जंतू बसले म्हणून समजा. अशा माणसांची पहिली दोन-तीन वर्षं सोन्यासारखी जात. मग फुफ्फुसांच्या बारीक नळ्या एकेक करून घट्ट होत जायच्या, आणि त्यावर औषध नव्हतं.

ह्याच वायरी जोडायचा प्रयोग केंद्राच्या प्रमुख डॉ. वैजयंती आवटी करत होत्या. त्यांनी एक मऊ धागा बनवला होता. शिवणीच्या जागी तो गुंडाळला की त्यातून झिरपणाऱ्या रसायनाच्या ओढीनं तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढायला लागतील आणि धाग्याच्या वाटेनं हृदयात शिरतील, अशी त्यांची खात्री. वेग दिवसाला जास्तीत जास्त एक मिलिमीटर, तोही वाट चुकत, थांबत. तीन वर्षांपूर्वी चौसष्ट रुग्णांच्या छातीला बोटभर छेद देऊन धागा बसवला गेला. त्यातल्या बत्तिसांचा धागा खरा, बत्तिसांचा नुसताच. कुणाचा कुठला, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरांना. खोतनाना त्या चौसष्टांत होते. सन्मतीही होता.

आणि प्रयोग फसला होता. चौसष्टही जणांच्या छातीवर ठोके मोजणारी पट्टी होती. तिचा पाच-पाच मिनिटांचा सरासरी आकडा केंद्राकडे यायचा. तीन वर्षांचे आकडे मांडले तर खरा धागा आणि नुसता धागा ह्यांत तसूभर फरक नाही, असं हिशेब तपासणाऱ्यांनी कळवलं होतं. येत्या शुक्रवारी समिती प्रयोग बंद करणार होती. बंद झाला की धाग्याचा दुसरा डोस कुणालाच नाही. पहिल्या डोसाची ओढ चौथ्या वर्षी संपत येते, आणि फुफ्फुसांच्या तळापर्यंतची वाट तर अजून बाकी. सन्मतीची फुंकणी, म्हणजे जोरात फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायचं यंत्र, वर्षापूर्वी अठ्ठ्याहत्तर टक्के दाखवत होती. आता एकसष्ट. शर्मिला हा आकडा मनातसुद्धा उच्चारत नसे.

तर अशी ही बाई, आणि तिच्या कानात खोतनानांचं 'लगीच'. तिनं फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तरानं काय लिहून घेतलंय ते उघडून बघितलं. हृदयाचा रकाना कोरा. तिनं खाली खाली सरकवलं. शेवटी सापडलं. लिहिलं होतं: 'वाहनप्रवासात यकृताच्या जागी अचानक संवेदना. तपासणीत यकृत ठीक. कारवाई नको.'

"यकृत?" शर्मिला ओरडलीच. "ह्या मेल्याला यकृत कुठनं दिसलं?"

शेजारच्या टेबलावरच्या रुक्साना मुजावरनं मान वळवली. दोघींची बारा वर्षांची मैत्री. डबा एकत्र, भांडण एकत्र. रुक्सानानं वाचलं आणि ती खो-खो हसत सुटली.

"हसतेस काय? मला कळत नाहीये."

"तुला कळणार पण नाही. जैनाची लेक तू, कधी मटणाच्या दुकानात पाय ठेवलायस? अगं, आमच्याकडं अर्धा किलो काळीज आण म्हटलं की कलेजी येते. यकृत! खाटकाच्या पाटीवर काय असतं? मटण, मुंडी, पाय, काळीज. मास्तराला मराठी शिकवताना कुणीतरी बाजारातल्या पाट्यासुद्धा वाचायला दिल्या असणार. त्यानं काळीज बघितलं, यकृत लिहिलं. त्याचं तरी काय चुकलं?"

शर्मिला हसली नाही. तिचे डोळे मोठे झाले होते. "रुक्साना, म्हणजे ज्यानं ज्यानं काळजात धस्स झालं सांगितलं..."

"...तो यकृतात गेला," रुक्साना म्हणाली, आणि तिचंही हसू विरलं.

दोघींनी यकृताचा रकाना उघडला. रकान्यात नावं नसत, फक्त क्रमांक. अकरा वर्षं तो कुणी वाचला नव्हता, कारण ह्या केंद्राला यकृताशी देणंघेणंच नव्हतं. प्रयोगातल्या चौसष्टांपैकी तेवीस जणांच्या एक्केचाळीस नोंदी त्यात पडून होत्या. त्यांनी मूळ आवाज ऐकायला सुरुवात केली. 'नातू विहिरीत डोकावला, काळीज लक्कन हललं.' 'कुकरची शिट्टी उडाली, धस्स झालं.' 'सून म्हणाली, मामंजी आजोबा होणार तुम्ही. काळीज असं उडालं!' म्हातारे, बाया, एक कॉलेजची मुलगी. सगळ्यांच्या आवाजात तोच नवलाचा सूर, आणि तो इतकी वर्षं कुणालाच ऐकू आला नव्हता.

डॉ. आवटींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. बाई हुशार, पण भाबड्या नव्हेत.

"शर्मिला, हे बोलायची पद्धत आहे गं. दुधाची पिशवी फुटली तरी आपण धस्स झालं म्हणतो. हृदय कापलेलं असो की जोडलेलं, तोंडाची सवय कुठं जाते?"

"जाते मॅडम."

"म्हणजे?"

"माझ्या घरात गेलीय ना." शर्मिलाचा आवाज जरा चढला. "ह्यांच्या तोंडून सात वर्षांत मी धस्स ऐकलेलं नाही. माणूस होत नाही ते म्हणायचं सोडून देतो. तुम्ही उरलेल्यांचं बघा ना. धागा नसलेली सहाशेच्या वर माणसं आहेत. अकरा वर्षांत त्यांच्यातल्या कितीजणांनी म्हटलं? आम्ही शोधलं. तिघांनी."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. काही थोड्यांच्या बाबतीत निसर्ग आपला आपणच थोडीफार वाट काढतो, हे त्यांना माहीत होतं. तिघं त्यात बसत होते. तेवीस बसत नव्हते.

"खोत किती वाजता म्हणाले?"

"मंगळवार. चारच्या सुमाराला."

छातीवरची पट्टी प्रत्येक ठोका टिपायची, फक्त केंद्राकडे येताना त्याची सरासरी व्हायची. मूळ ठोके साठवणीत तसेच पडून होते. चौसष्ट माणसांचे तीन वर्षांतले अब्जावधी ठोके, आणि त्यात कुठं बघायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. डॉ. आवटींनी मंगळवार काढला. साडेतीन. पावणेचार. पडद्यावर नानांचं हृदय एका लयीत चाललं होतं, मिनिटाला ब्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. चार वाजून सात मिनिटं. ब्याण्णव. ब्याण्णव.

आणि मग रेष उसळली. दोन सेकंदांत एकशे एकतीस. वीस सेकंद वर राहिली आणि तशीच खाली आली.

"म्हस," शर्मिला पुटपुटली.

नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून काढून आणलेलं ते हृदय. त्याच्या दिशेनं केसाहून बारीक तंतू अंधारात, रोज जेमतेम एक मिलिमीटर, चाचपडत गेले होते. कुणी त्यांना वाट सांगितली नव्हती. पोचल्यावर त्यांनी पहिला निरोप काय दिला असेल? म्हैस आली, सांभाळ! डॉक्टरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"वीस सेकंद," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांच्या सरासरीत हे कधीच दिसलं नसतं. बायांनो, बसा इथं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बघायच्या."

मंगळवार आणि बुधवार त्यातच गेले. जिथं वेळ सांगितली होती तिथं शोधणं सोपं, जिथं नव्हती तिथं रुग्णाला पुन्हा फोन. बावीस जणांच्या रेषा उसळलेल्या सापडल्या. तेविसाव्या बाईंची रेष सपाट राहिली, धागा नसलेल्या माणसाची राहते तशी. "ह्या नुसत्या बोलल्या," डॉक्टर म्हणाल्या, "ह्यांची तोंडाची सवय."

त्यातच बुधवारी सकाळी सदतीस क्रमांकाची नोंद आली, तशी रुक्सानानं झटकन पुढचं पान लावलं. "ही मी एकटी बघते. तू चहा सांग जा."

"का?"

"सांग म्हटलं ना."

पण शर्मिलानं एक ओळ वाचली होती. मागच्या सप्टेंबरातली. 'बायको बॅग घेऊन जिना उतरली, खालचं गेट वाजलं, तेव्हा काळजात धस्स झालं.'

नवऱ्याला फोन बायकोनं करायचा नाही, असा केंद्राचा नियम. सन्मतीचा फोन दरवर्षी रुक्सानाच करायची, आणि त्यातलं एक अक्षर तिनं बाहेर काढलं नव्हतं. आता ती टेबलाकडे बघत राहिली.

शर्मिलाला तो दिवस पाठ होता. एकवीस ऑगस्ट. आदल्या दिवशी तिचे वडील गंभीर आजारी असल्याचा निरोप आला होता आणि सन्मती रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तशी ती बातमी ऐकून जेवायला बसला होता. सकाळी तिचा बांध फुटला. "तुम्हाला कशाचं काही वाटतच नाही! दुसऱ्याचं काळीज घातलं ते घातलं, दगडाचं घातलं!" असलं बोलू नये ते ती बोलून गेली. बॅग भरली, अन्वीचा हात धरला आणि जयसिंगपूरला माहेरी निघाली. सन्मती दारात उभा. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. काय म्हणाला? तर, "डबा घेतलास काय?"

डबा! वडील पुढं बरे झाले, आठवड्यानं ती परतली, संसार पुन्हा सुरू झाला. पण ते 'डबा घेतलास काय' तिच्या घशात कुसळासारखं अडकून होतं.

"काढ," ती रुक्सानाला म्हणाली. "एकवीस ऑगस्ट. सकाळी आठला वीस कमी."

"तुला बघायचा नियम नाही."

"नियम मला पाठ आहे. काढ, नाहीतर मी रडेन, आणि मी रडायला लागले की थांबत नाही, तुला माहितेय."

रुक्सानानं काढलं. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी रेष उसळली, एकशे अडतीस. वीस सेकंदांनी खाली आली नाही. तीस सेकंद, चाळीस, एक मिनिट. ती गेटबाहेर पडली, गल्लीतून चालत गेली, टोकाला रिक्षात चढली, त्या प्रत्येक क्षणी तिच्या पाठीमागं हे एवढं सगळं चाललं होतं, आणि तिनं मागं वळून बघितलं नव्हतं.

ती रडलीच. रुक्साना पाठीवरून हात फिरवत राहिली.

शुक्रवारी अकरा वाजता समिती पडद्यावर जमली. पाच शहरांतले पाच मोठे डॉक्टर. आवटी मॅडमनी बावीस रेषा दाखवल्या. समितीच्या अध्यक्ष चेन्नईच्या, बारीक चष्म्यातून बघणाऱ्या, धारदार आवाजाच्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "रेषा ठीक आहेत. पण ह्या तुम्ही निवडल्यात कशावरून? रुग्ण म्हणाले, मला भीती वाटली. भीती तर कुणालाही वाटते."

"भीती नव्हे," आवटी म्हणाल्या. "तो शब्द धस्स आहे."

"धस्स म्हणजे?"

आवटी मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. तीन भाषांत निबंध लिहिलेली बाई, पण तिला शब्द मिळेना. त्यांनी मागं शर्मिलाकडे बघितलं.

शर्मिलाला इंग्रजी वाचता यायचं, पण धड बोलता येत नव्हतं. ती उठली. कोपऱ्यात पाण्याचा मोठा स्टीलचा ट्रे होता, त्यावर सहा ग्लास. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, माइकपाशी आणला आणि सोडून दिला.

काय आवाज झाला म्हणता! खोलीतला शिपाई उडालाच. पडद्यावरच्या पाचही जणांचे खांदे उचलले गेले. अध्यक्षबाईंचा हात आपोआप छातीवर गेला होता.

"हे," शर्मिला मराठीतच म्हणाली. "आत्ता तुमचा हात जिथं आहे ना, तिथं जे झालं, ते. ह्याला आमच्यात काळजात धस्स होणं म्हणतात. ज्याची वायर तुटलीय त्याला ते होत नाही. त्याला दहा मिनिटांनी होतं, चहा पिताना."

आवटींनी भाषांतर केलं. अध्यक्षबाई आपल्या छातीवरच्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "बंद पाकीट उघडा."

खरा धागा कुणाचा, ह्याची यादी उघडली गेली. क्रमांक एकेक करून वाचले गेले. रेष उसळलेले बावीस. खरा धागा, खरा धागा, खरा धागा. बावीसच्या बावीस. आणि नुसतंच 'धस्स' म्हणालेल्या त्या तेविसाव्या बाई? नुसता धागा.

चेन्नईच्या बाई म्हणाल्या, "दुसरा डोस सुरू करा. आणि उरलेल्या बत्तिसांना पहिला." त्यांचा धारदार आवाज थोडा ओला झाला होता.

शर्मिला सहाच्या आत घरी पोचली. सन्मती घड्याळासमोर बसून खोकत होता, पंधरा, सोळा, सतरा. ती वीस होईपर्यंत थांबली. मग समोर स्टूल ओढून बसली.

"दुसरा डोस मिळणार तुम्हाला. सोमवारी."

"बरं झालं," सन्मती म्हणाला. तोच चेहरा, तीच शांतता.

"एकवीस ऑगस्टला धस्स झालं होतं तुम्हाला."

तो मान खाली घालून हसला. "रुक्सानानं सांगितलं?"

"तिनं नाही. तुमच्या ठोक्यांनी सांगितलं. तुम्ही मला का नाही सांगितलंत हो? मी सहा महिने मनात काय काय घेऊन बसले!"

"तू विचारलंस कुठं?" तो म्हणाला. "रुक्साना दरवर्षी विचारते. आणखी काही सांगायचंय का, म्हणून."

बारा वर्षं अख्ख्या मुलखाला तो प्रश्न विचारणाऱ्या बाईनं घरात तो एकदाही विचारला नव्हता.

"आणि मला वाटलं, भास असेल," तो सावकाश म्हणाला. "सहा वर्षं मोटार एका लयीत चाललेली. एकदम आतून कुणीतरी हिसका दिला. मी दारातच खाली बसलो. कुणाचं तरी काळीज, शर्मिला, आपलं नावसुद्धा माहीत नाही त्याला. आणि ते तुझ्यासाठी उडालं. मला त्याचंच इतकं नवल वाटलं, की तुला थांबवायचं राहूनच गेलं."

सोमवारी सकाळी दुसऱ्या डोससाठी सन्मतीला दाखल केलं. खाटेशेजारी ठोक्यांचा पडदा होता. नर्स आली आणि म्हणाली, "वहिनी, आता बाहेर थांबा. आम्ही आत नेणार ह्यांना." शर्मिलानं पिशवी खांद्याला लावली आणि वळली.

"डबा घेतलास काय?" मागून सन्मतीचा आवाज आला. तोच. सपाट, शांत, बातम्या सांगाव्यात तसा.

ह्या वेळी तिनं मागं वळून बघितलं. त्याच्याकडे नव्हे, पडद्याकडे. पंच्याण्णव होते ते एकशे तेहेतीस झाले होते.

"घेतलाय," ती म्हणाली, आणि परत फिरून त्याच्या उशाशी येऊन बसली. नर्सनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग तीही पडद्याकडे बघत राहिली. एकशे वीस. एकशे आठ. शर्मिलानं त्याचा हात हातात घेतला, तसा आकडा आणखी खाली आला.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली. "आता न्या."